ओळंबा हलला नाही: एका दगडी धरणावरच्या रात्रीचा प्रकरण अभ्यास

हे प्रकरण महाराष्ट्रातल्या एका धरणाचं आहे. धरणाचं आणि नदीचं नाव, साल, गावं यांतलं काही दिलेलं नाही. माणसं ओळखू येऊ नयेत म्हणून किरकोळ तपशील बदलले आहेत. मी तेव्हा विभागीय कार्यालयात मोजमापाच्या उपकरणांचं काम पाहत होतो. त्या रात्रीच्या निर्णयात माझा वाटा होता, आणि पुढे उघड झालेल्या चुकीतही.

पार्श्वभूमी

सह्याद्रीच्या पूर्व उतारावरचं हे दगडी बांधकामाचं गुरुत्व धरण आहे. पायापासून उंची ६० मीटर, वय पन्नाशीच्या पुढे, सांडव्यावर वक्राकार दरवाजे. पूर्ण भरलं की सर्वांत खोल जागी ५४ मीटर पाणी उभं राहतं आणि जलाशय १२ चौरस किलोमीटरवर पसरतो.

गुरुत्व धरण स्वतःच्या वजनावर पाणी तोलून धरतं. बघणाऱ्याला ते डोंगरासारखं अचल वाटतं, पण ते दरवर्षी हलतं. पाणी चढलं की माथा खालच्या अंगाला, म्हणजे नदीच्या वाहत्या बाजूला, काही मिलिमीटर झुकतो आणि उन्हाळ्यात पाणी उतरलं की परत येतो. ऊनही त्यात भर घालतं. एप्रिल-मे महिन्यांत धरणाची कोरडी बाजू तापून फुगते आणि माथ्याला जलाशयाकडे ढकलते, थंडीत उलटं होतं. दगडाच्या एवढ्या जाड अंगात ऊब मुरायला वेळ लागतो, त्यामुळे उन्हाचा परिणाम दीड-दोन महिने उशिरा दिसतो. आमच्या धरणाची वर्षभराची ये-जा जुन्या नोंदींनुसार ७ मिलिमीटरच्या आसपास होती. ही ये-जा म्हणजे धरणाचा श्वास. तो नेहमीच्या लयीत चालू आहे की नाही, हे कळावं म्हणून उपकरणं बसवलेली असतात.

यातलं सर्वांत जुनं उपकरण ओळंबा. गवंडी भिंत सरळ आहे का ते ज्याने पाहतो तोच, फक्त खूप लांब. धरणाच्या माथ्याजवळ स्टेनलेस स्टीलची तार अडकवलेली, ती धरणाच्या पोटातल्या उभ्या पाइपातून ४८ मीटर खाली पायाजवळच्या गॅलरीत, म्हणजे धरणाच्या आतल्या बोगद्यात, उतरते. टोकाला वजन, आणि ते हेलकावू नये म्हणून तेलाच्या टाकीत बुडवलेलं. माथा हलला की तार तेवढीच सरकते. गॅलरीतल्या टेबलावरच्या सूक्ष्मदर्शकातून रोज सकाळी ती जागा मिलिमीटरच्या दहाव्या भागापर्यंत वाचायची आणि रजिस्टरात लिहायची. पन्नास वर्षं हे चालू होतं.

हा प्रसंग घडला त्याच वर्षी एप्रिलमध्ये यात नवी भर पडली. पाच टिल्टमीटर बसवले गेले, तीन माथ्यावर आणि दोन गॅलरीत. टिल्टमीटर सरकणं मोजत नाही, कल मोजतो. आत गुरुत्वाची दिशा ओळखणारा सेन्सर असतो. मोबाइल आडवा केला की पडदा फिरतो, त्यामागची कल्पना हीच, फक्त इथली नजर कितीतरी बारीक. मोजणी कोनीय सेकंदात होते. एक किलोमीटर लांबीच्या पट्टीचं एक टोक ५ मिलिमीटरने उचललं तर होणारा कोन साधारण एक कोनीय सेकंद. आकडे दर दहा मिनिटांनी लॉगरमध्ये, म्हणजे नोंद साठवणाऱ्या यंत्रात, जात. १५ कोनीय सेकंदांना पिवळी पातळी, ३० ला तांबडी. तांबडी ओलांडली की ठरलेल्या पाच मोबाइलवर संदेश जाई.

हे आकडे कुठून आले होते, ते इथेच सांगतो, कारण पुढे त्याचा संबंध आहे. आमच्या धरणाची वर्षभराची वागणूक बघून ते ठरवलेले नव्हते. पुरवठादाराने दुसऱ्या एका कामावर वापरलेले आकडे सुचवले आणि आम्ही मान्य केले. वर्षभराच्या नोंदी हातात येईपर्यंत या पातळ्या तात्पुरत्या आहेत असं कागदावर लिहिलं होतं. संदेश पाठवणाऱ्या यंत्राला मात्र तात्पुरतं-कायमचं कळत नाही.

अडचण

ऑगस्टचा दुसरा आठवडा. पाणी पूर्ण संचय पातळीच्या जवळ आलेलं. आवक १४,००० क्युसेक (सेकंदाला घनफूट), सांडव्यावरून विसर्ग ९,००० क्युसेक. पातळी तासाला चार सेंटीमीटर चढत होती. वर पाणलोटात पाऊस थांबत नव्हता.

रात्री ११ वाजून २० मिनिटांनी संदेश आला. नऊ नंबरच्या ब्लॉकवरचा (धरण अशा शेजारी-शेजारी उभ्या तुकड्यांचं बनलेलं आहे), माथ्यावरचा टिल्टमीटर: ३८ कोनीय सेकंद, खालच्या अंगाला. संध्याकाळी ८.४० ला तोच आकडा दोनच्या आसपास होता.

हा ब्लॉक सर्वांत उंच ब्लॉकांपैकी एक, ओळंबा यातच आहे. ३८ कोनीय सेकंद म्हणजे मीटरमागे ०.१८ मिलिमीटर. सगळा ब्लॉक पायापासून तेवढा कलला असेल तर माथा ११ मिलिमीटर पुढे गेलेला असणार. वर्षभरात जेवढं हलत नाही, त्याहून जास्त दोन तास चाळीस मिनिटांत. मी घरी हा गुणाकार केला आणि लगेच पुन्हा केला. उत्तर तेच आलं.

धरणावर शाखा अभियंता मॅडम होत्या, नोकरीचं तिसरं वर्ष. त्यांच्यासोबत दरवाज्यांवरचे दोघे आणि गॅलरीतली नोंद वर्षानुवर्षं घेणारे, सगळे ज्यांना मामा म्हणतात ते ज्येष्ठ कर्मचारी. कार्यकारी अभियंता ४० किलोमीटरवर मुख्यालयात, मीही तिथेच. पुढचे दोन तास आम्ही तिघे फोनवर जोडलेले होतो.

समोरचे पर्याय

आपत्कालीन कृती आराखड्यात तांबड्या पातळीपुढे एक ओळ होती: विसर्ग वाढवून पातळी खाली आणावी. साहेबांचा, म्हणजे कार्यकारी अभियंत्यांचा, कल त्याकडेच होता, आणि त्यांचं म्हणणं सोडून देण्यासारखं नव्हतं. ते म्हणाले, "आराखड्यात लिहिलंय ते मी केलं नाही आणि काही झालं, तर उत्तर काय देणार? आणि उत्तराचं सोडा हो, खाली माणसं आहेत."

प्रश्न असा होता की माणसं दोन्हीकडे होती. विसर्ग ४५,००० क्युसेकवर नेला असता तर निळ्या पूररेषेच्या (पुराचं पाणी येऊ शकतं अशा पट्ट्याची सरकारी सीमा) आतल्या दोन वाड्यांत, साठेक घरांत, मध्यरात्री पाणी शिरलं असतं. पुण्यात १२ जुलै १९६१ ला पानशेत फुटल्यानंतर काय झालं, ते आमच्या खात्यात प्रत्येकाने कुणा ना कुणा ज्येष्ठाच्या तोंडून ऐकलेलं असतं. त्यामुळे धरण फुटण्याची धास्ती खोल असते. पण झोपलेल्या वाडीवर आपल्याच हाताने पूर सोडायची धास्तीही काही लहान नाही.

तेव्हा मी कागदावर एक हिशेब मांडला. तो मला आजही त्या रात्रीचा सर्वांत उपयोगी हिशेब वाटतो. ४५,००० सोडले आणि १४,००० येत राहिले, तर निव्वळ ३१,००० क्युसेक कमी होणार. १२ चौरस किलोमीटरचा जलाशय त्या गतीने एक मीटर उतरायला पावणेचार तास. आणि एका मीटरने मिळणार काय? पाण्याचा आडवा दाब खोलीच्या वर्गाने बदलतो, म्हणजे ५४ चे ५३ मीटर झाल्यावर तो पावणेचार टक्क्यांनी कमी. उलथवणारा जोर घनाने बदलतो, तो साडेपाच टक्क्यांनी कमी. ब्लॉक खरोखर तीन तासांत ११ मिलिमीटर गेला असेल, तर एवढ्या सवलतीने तो वाचेलच असं कोणी म्हणू शकत नव्हतं. आणि गेला नसेल, तर साठ घरं विनाकारण पाण्यात.

दुसरा पर्याय: उपकरण नवीन आहे, बिघडलं असेल, सकाळी बघू. हे कोणी उघड बोललं नाही, पण माझ्या मनात येऊन गेलं. टिल्टमीटर बसवल्यापासून दोनदा खोटे संदेश आले होते, एकदा विजेच्या झटक्याने आणि एकदा खोक्यात पाणी शिरल्याने. तिसऱ्यांदाही तसंच असेल असं वाटणं सोपं होतं. पण अंदाज चुकीचा निघाला तर सकाळ उरलीच नसती.

तिसरा पर्याय मॅडमनी मांडला. "सर, सव्वा तास द्या. मी गॅलरीत जाऊन सगळं वाचून येते. तोवर पाणी चढू द्यायचं नाही." आवक जेवढी तेवढाच विसर्ग, १४,००० क्युसेक. धरणावरचा भार आहे तिथेच थांबणार. खाली कॉजवे पाण्याखाली जाणार, तो १२,००० लाच जातो, पण घरांना धोका नाही. सोबत दोन्ही वाड्यांना दक्षतेचा निरोप, म्हणजे पुढे मोठा विसर्ग करावा लागलाच तर लोक झोपेत सापडणार नाहीत.

साहेबांनी याला वेळेची मर्यादा घातली: रात्री दीडपर्यंत. दीड वाजता दोन स्वतंत्र उपकरणांनी "हालचाल नाही" असं सांगितलेलं नसेल, तर विसर्ग टप्प्याटप्प्याने ४५,००० पर्यंत. ही मर्यादा त्यांनी घातली नसती तर आम्ही तपासतच बसलो असतो.

त्या रात्री काय केलं

११.५० ला भोंगा वाजवून विसर्ग दोन टप्प्यांत वाढवला. तहसील कार्यालयाच्या नियंत्रण कक्षाला कळवलं, पोलीस पाटलांना फोन गेले. पोलिसांनी कॉजवेच्या दोन्ही तोंडांना गाड्या आडव्या लावल्या. नियंत्रण कक्षाला आम्ही "विसर्ग वाढवत आहोत" एवढंच सांगितलं, कारण सांगितलं नाही. त्याबद्दल पुढे लिहितो.

मॅडम आणि मामा बॅटऱ्या घेऊन गॅलरीत उतरले. आत फोन लागत नाही. गॅलरीच्या तोंडाशी दरवाज्यांवरचा एक जण उभा राहिला आणि कागदावर लिहिलेले आकडे वर येऊन फोनवर वाचून दाखवू लागला.

पहिला आकडा ओळंब्याचा आला. सकाळच्या नोंदीपेक्षा फरक ०.१ मिलिमीटर. पुन्हा वाचायला सांगितलं, तोच. मामांनी निरोपासोबत एक वाक्य पाठवलं होतं: "तार एकदम शांत आहे. दरवाजे चालू असले की बारीक थरथरते, आज तेवढीही नाही." आम्हाला दोघांनाही ते ऐकून हायसं वाटलं. साहेब म्हणाले, "चला, ओळंबा खोटं बोलणार नाही."

मग पाझर. गॅलरीतलं झिरपलेलं पाणी एका व्ही-नॉचवरून, म्हणजे इंग्रजी व्ही आकाराच्या खाचेवरून, जातं. खाचेवर पाण्याची उंची ९.८ सेंटीमीटर, म्हणजे सेकंदाला ४.१ लिटर. आठवडाभर हाच आकडा होता. पाणी स्वच्छ, गढूळपणा नाही.

त्यानंतर पायाखालचा उत्थापक दाब. जलाशयाचं पाणी खडकाच्या फटींतून धरणाच्या तळाशी शिरतं आणि धरणाला वर उचलू पाहतं. १८९५ मध्ये फ्रान्समधलं बूझे धरण फुटलं, त्यानंतर हा दाब जगभरचे अभियंते गांभीर्याने धरू लागले. गुरुत्व धरणाचं सगळं भांडवल म्हणजे त्याचं वजन, आणि हा दाब त्या भांडवलालाच कात्री लावतो. ब्लॉक खरोखर कलला असता तर जलाशयाकडच्या टाचेशी फट उघडून पाणी आत घुसलं असतं आणि तिथल्या दाबमापकांचे काटे वर गेले असते. नऊ नंबरच्या ब्लॉकमधले सगळे काटे जागच्या जागी होते.

गॅलरीतला टिल्टमीटरही शांत होता. मी म्हणालो की खाली काही नाही म्हणजे ब्लॉक पायाशी हललेला नाही. त्यावर गॅलरीतून वर आलेल्या मॅडमनी विचारलं, "पण सर, कोयनेला भेगा वरच्या भागातच गेल्या होत्या ना?" मी गप्प झालो. ११ डिसेंबर १९६७ च्या भूकंपात कोयना धरणाला भेगा पडल्या त्या वरच्या भागात, जिथे खालच्या अंगाचा उतार एकदम बदलतो तिथे. म्हणजे पाय शांत आणि माथा हललेला, हे अशक्य नाही. आमच्याकडे भूकंप झाला नव्हता, पण मॅडमचा प्रश्न योग्य होता.

म्हणून शेवटचं मोजमाप माथ्यावर. भर पावसात मॅडम नऊ नंबरच्या दोन्ही बाजूंच्या सांध्यांवर गेल्या. तिथे सांधामापक आहेत, शेजारचे ब्लॉक एकमेकांच्या मानाने किती सरकले ते मोजणारे. नऊ नंबर एकटाच ११ मिलिमीटर पुढे गेला असता तर सांध्यावर तेवढा दात दिसला असता, बोट फिरवूनही कळला असता. सांधामापकात फरक नव्हता. त्यांनी बोटही फिरवलं. दात नव्हता.

१.१५ ला निर्णय झाला: धरण हललेलं नाही. विसर्ग १४,००० वरच. वाचन दर तासाला, सकाळपर्यंत. रात्रीच्या अहवालाचा मसुदा मी केला. "हालचाल नसल्याचे पुरावे" या मथळ्याखाली पहिलं नाव लिहिलं ओळंब्याचं.

सकाळी काय सापडलं

टिल्टमीटरचं कारण उजाडल्यावर दहा मिनिटांत सापडलं. त्याची पट्टी धरणाच्या अंगात बसवलेलीच नव्हती. ती माथ्यावरच्या पायवाटेच्या कडेला, केबलच्या चरावर ठेवलेल्या ३० सेंटीमीटर रुंदीच्या सिमेंटच्या ठोकळ्यावर बोल्ट केलेली होती. पावसाच्या पाण्याने ठोकळ्याखालचा गिलावा एका बाजूने धुऊन नेला आणि ठोकळा कलला.

किती कलला? ३० सेंटीमीटर रुंदीवर ३८ कोनीय सेकंद म्हणजे एका कडेला ०.०५५ मिलिमीटर. वहीच्या कागदाच्या जाडीच्या निम्म्याच्या आसपास. एवढ्याशा घसरणीने एक अख्खं धरण ११ मिलिमीटर झुकल्याचा आभास उभा केला होता. टिल्टमीटर खोटं बोलला नव्हता. ज्यावर बसवलं होतं त्याचा कल त्याने अचूक सांगितला. ती वस्तू धरण आहे हे आम्ही गृहीत धरलं होतं. बसवल्यानंतर तपासून सही करणारा मीच होतो, आणि मी खोका उघडून वायरिंग पाहिलं होतं, पट्टी कशावर आहे ते पाहिलं नव्हतं.

आलेख नंतर नीट पाहिला तर त्यातही खूण होती. कल सावकाश वाढलेला नव्हता, दोन उड्यांत वाढला होता: एक नऊच्या सुमारास, दुसरी अकरानंतर. पाणी तासाला चार सेंटीमीटर चढत असताना त्याच्या भाराने होणारा कल असा पायऱ्यांनी जात नाही. आणि धरणाने खरोखर उडी मारली असती तर तीच उडी सांधामापकातही उमटली असती. रात्री आमच्यासमोर संदेशातला एकच आकडा होता, आलेख नव्हता.

प्रकरण इथे मिटलं असतं. तीन दिवसांनी मॅडमचा फोन आला. रात्रीच्या अहवालाला जोडायला त्या ओळंब्याच्या नोंदी आणि जलाशय पातळी एकाच आलेखावर काढत होत्या. "सर, जूनपासून पाणी २६ मीटर चढलंय. ओळंबा ०.४ मिलिमीटर हललाय." मी म्हणालो, आकडे लिहिताना चूक झाली असेल. त्यांनी मागची वर्षं काढली. सोळा महिन्यांपूर्वीपर्यंत रेषा दरवर्षी डोंगरासारखी चढत-उतरत होती. गेल्या वर्षीच्या एप्रिलपासून ती सपाट.

सोळा महिने, रोज एक, सुमारे पाचशे नोंदी. प्रत्येक नोंदीवर सही. प्रत्येक आकडा आदल्या दिवशीच्या आकड्याशी जुळणारा, म्हणून कुणालाच खटकला नाही. त्या संकटाच्या दिवशीही पाणी जवळपास मीटरभर चढलं होतं. ओळंबा चार दशांश तरी सरकायला हवा होता. ०.१ ऐकून आम्ही सुटकेचा श्वास टाकला, तेव्हा खरं तर दचकायला हवं होतं.

ओळंब्याची तपासणी होत नव्हती असंही नाही. मे महिन्यातल्या वार्षिक तपासणीत शेरा होता: वजन हलवून पाहिले, मूळ जागी परत आले, ओळंबा मुक्त आहे. आम्ही तीच चाचणी पुन्हा केली. वजन परत मूळ जागी आलं. मग मॅडमनी तेलाची टाकी खाली घेतली, वजन हळूच बाजूला करून सोडलं आणि मोबाइलवर वेळ धरली.

लंबकाचा झोका वजनावर अवलंबून नसतो, लांबीवर असतो. हे आपण शिकलेलो असतो. ४८ मीटरच्या लंबकाला एक पूर्ण झोका घ्यायला जवळपास १४ सेकंद लागतात. आमच्या ओळंब्याला लागत होते २.८ सेकंद. तेवढा वेळ दोन मीटर लांबीच्या लंबकाला लागतो. म्हणजे तार वजनाच्या वर दोन मीटरवर कुठेतरी अडकलेली होती.

पाइपात आरसा आणि बॅटरी धरून पाहिलं. पाइप तिथे किंचित तिरका आहे आणि तार भिंतीच्या अगदी जवळून जाते. दगडी बांधकामातून झिरपणाऱ्या पाण्यात चुना विरघळलेला असतो. ते पाणी तारेवरून ओघळत राहिलं, थर चढत गेला आणि तार भिंतीला चिकटून गेली, सांडग्याएवढ्या पांढऱ्या गोळ्यात. खालच्या दोन मीटरांत ती मोकळी लोंबत होती, म्हणून हलवल्यावर इमानदारीने परत येत होती. आणि एवढी आखूड तार दरवाज्यांच्या कंपाने थरथरत नव्हती. मामांनी ते पाहिलं होतं, सांगितलंही होतं. बिघाडाची ती एकमेव खूण आम्ही शुभवार्ता म्हणून ऐकली.

गोळा खरवडून काढला तेव्हा तार झटक्यात ४.६ मिलिमीटर खालच्या अंगाला सरकली. मी टेबलापाशीच होतो. धरणाच्या खऱ्या जागेचा आकडा सोळा महिन्यांनी पहिल्यांदा दिसत होता. जुन्या वर्षांतल्या त्याच पातळीच्या, त्याच महिन्याच्या नोंदींशी ताडला तर फरक ०.६ मिलिमीटर. धरण ठीक होतं. निर्णय बरोबर ठरला, पण पुराव्यांच्या यादीतला पहिला पुरावा खोटा होता. पाझर, उत्थापक दाब आणि सांधे यांनी आम्हाला तारलं. त्या रात्री घाईत फक्त ओळंबा वाचून परतलो असतो, आणि टिल्टमीटरचं म्हणणं खरं असतं, तर मोठ्या खात्रीने चुकलो असतो.

निष्पत्ती

टिल्टमीटर आता धरणाच्या मूळ दगडी अंगात खोलवर रोवलेल्या खुंटांवर बसवले आहेत, वर ऊन-पावसाचं आच्छादन. एका उपकरणाने तांबडी पातळी ओलांडली तर आता संदेशात "तपासा" असं येतं, आणि त्याच ब्लॉकमधल्या दुसऱ्या प्रकारच्या उपकरणानेही तसंच सांगितलं तर "कृती करा". संदेशासोबत मागच्या चोवीस तासांचा आलेख येतो. ओळंब्याची तार बदलली आणि पाइपाच्या वरच्या तोंडाला पाणी अडवणारी झालर लावली.

रजिस्टरासोबत आता भिंतीवर आलेख आहे. पाण्याची पातळी आणि ऋतू दिले की धरण आज साधारण कुठे असायला हवं, ते जुन्या नोंदींवरून काढता येतं. फ्रान्समध्ये ही रीत १९६० च्या दशकापासून रूढ आहे. त्या अपेक्षेची रेषा आणि प्रत्यक्ष नोंद शेजारी-शेजारी. स्वित्झर्लंडमधलं १५६ मीटर उंचीचं झ्योझिए धरण १९७८ मध्ये याच सवयीमुळे सावरलं. वीसेक वर्षं नेमाने वागलेलं धरण अचानक अपेक्षेपेक्षा वेगळं हलू लागल्याचं मोजमापांत दिसलं. कारण निघालं दीडेक किलोमीटरवर खणला जाणारा बोगद्याचा शोधमार्ग (खडक तपासण्यासाठी आधी खणतात ती अरुंद वाट), ज्याने डोंगरातलं पाणी खेचून घेतलं आणि धरणाखालची जमीनच बसली. जलाशय उतरवला गेला, पुढे दुरुस्ती झाली. नुसते आकडे लिहीत बसले असते तर तिथेही सगळं उशिरा कळलं असतं.

पुन्हा वेळ आली तर

१४,००० वर धरून ठेवण्याचा निर्णय मी पुन्हा तसाच घेईन. पातळी स्थिर ठेवून वेळ विकत घेणं आणि त्या वेळेला शेवट ठरवून देणं, या दोन गोष्टी एकत्र होत्या म्हणून ते जमलं.

नियंत्रण कक्षापासून कारण लपवलं, ते मात्र मी पुन्हा करणार नाही. अफवा पसरेल अशी भीती होती. झालं असं की वाडीतल्या लोकांना मध्यरात्री नुसतं "सावध राहा" सांगितलं गेलं. त्यांनी जनावरं सोडून वर नेली, म्हाताऱ्या माणसांना शाळेत हलवलं, आणि सकाळी पाणी घरापर्यंत आलंच नाही. आठवड्याने आम्ही वाडीत गेलो तेव्हा एका आजींनी विचारलं, "पुढच्या वेळी उठायचं की नाही, ते सांगा." आम्ही त्यांना सगळं सांगितलं, ठोकळ्यासकट आणि चिकटलेल्या तारेसकट. लोकांनी ते समजून घेतलं. पण तो विश्वास त्या रात्रीच, खरं कारण सांगून मागायला हवा होता.

आणि मामांचं वाक्य. त्यांच्याकडे तीस वर्षांचं निरीक्षण होतं: दरवाजे चालू असले की तार थरथरते. रजिस्टरात त्यासाठी रकाना नव्हता. "आज का नाही थरथरत?" असा एक प्रश्न आमच्यापैकी कोणी विचारला असता तर तार चिकटल्याचं त्याच रात्री कळलं असतं. आता रजिस्टरात शेऱ्याचा रकाना आहे आणि तो कोरा ठेवायचा नाही, असं ठरलं आहे.

दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी तेलाची टाकी खाली घेतात. वजन बाजूला करून मामा सोडतात, मॅडम दहा झोके मोजतात आणि दहाने भागतात. परवाचा आकडा त्यांनी मला पाठवला: १३.९ सेकंद.